रंगांचे आकडे परत द्या

ऑफिसात त्याला सगळे टक्के म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि सासूच्या तोंडी होतं, बाकी जगाला टक्के पुरेसं होतं.

कारण सरळ होतं. दुसरे डिझायनर रंगाबद्दल बोलायला लागले की 'जरा गोडसर गुलाबी', 'थोडा दमलेला निळा' असलं काहीबाही बोलायचे. टक्के म्हणायचा, "मॅजेन्टा वीस, पिवळा पाच. बाकी शून्य." छापखान्यात शाया चारच असतात. सायन नावाची निळी, मॅजेन्टा नावाची लालसर, पिवळी आणि काळी. कागदावर छापलेला कुठलाही रंग म्हणजे या चौघींची कमीजास्त टक्केवारी. हे सगळ्याच डिझायनरांना माहीत असतं, पण तोंडी लावण्यापुरतं. टक्केचं पोटच त्यावर भरायचं.

ऑफिस एका शिलाईच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, आठ टेबलं, खालून दिवसभर मशीनची खडखड. इथे बरण्यांची लेबलं, औषधांची खोकी, साबणाची वेष्टनं तयार व्हायची. मालकीण साठीच्या घरातली, केस बारीक कापलेली, चष्मा कायम कपाळावर. तिला सगळे मॅडम म्हणायचे. टक्केच्या शेजारच्या टेबलावर मिशा बसायचा. नाव पडलं तेव्हा त्याला झुपकेदार मिशा होत्या, आता त्या गेल्या होत्या आणि नाव राहिलं होतं.

"टक्केचा रंग चुकत नाही," असं मॅडम नव्या गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायच्या. टक्के तेव्हा मान खाली घालून माऊस फिरवत बसायचा. लोकांना वाटायचं, लाजाळू आहे बिचारा.

तो लाजत नव्हता. त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नव्हते.

पिकलेला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो त्याला एकाच मातकट कुळातले भाऊ वाटायचे. फिकट गुलाबी, राखाडी आणि फिकट हिरवा यांच्यात तर तो साफ फसायचा. चौकातला सिग्नल तो वरचा दिवा, खालचा दिवा असा ओळखायचा. लहानपणी शाळेत त्याने एका बाईचं चित्र काढून तिचे गाल मनापासून हिरवे रंगवले, आणि वर्ग हसून हसून लोळला. शिकवणाऱ्या बाईंना वाटलं, पोरगं मुद्दाम टवाळी करतंय. त्यांनी त्याला दाराबाहेर उभं केलं. संध्याकाळी त्याच्या ताईने त्याच्या रंगखडूंची पेटी ओढून घेतली, लाल खडूवर एकदा दात रोवले, हिरव्यावर दोनदा, आणि पेटी परत त्याच्या पुढ्यात टाकली. "बोट फिरवून बघ आणि मग रंगव," ती म्हणाली. वर तोंड पुसून, "चव मात्र दोघांची सारखीच आहे हं."

हे आईच्या माहेराकडून आलेलं होतं. त्याच्या मामाचंही तसंच. मामाला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. लेखी परीक्षा पास, शरीर तगडं, सगळं जमून आलेलं. आणि डोळ्यांच्या तपासणीत समोर ठिपक्यांचं एक पान आलं. त्या ठिपक्यांत सगळ्यांना आकडा दिसतो, मामाला ठिपकेच दिसले. घरी येऊन त्याने सांगितलं, "ती नोकरी मलाच नको होती." पुढे जन्मभर त्याने मालाच्या गोदामात पोती मोजली आणि रुळांच्या बाजूची खिडकी कधी उघडली नाही. भाच्याचंही तसंच आहे हे कळल्यावर त्याने त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, "याची वाच्यता करायची नाही. कळलं की लोक आपल्याला आंधळ्यात जमा करतात. समजलं ना?"

समजलं होतं. अख्खं घराणं याबाबतीत मूग गिळून बसलेलं होतं, तोही बसला.

शिक्षण संपल्यावर तो एका छापखान्यात चिकटला, आणि तिथे पहिल्याच आठवड्यात त्याच्या हाती छटांचं जाड पुस्तक आलं. पानापानावर रंगांचे चौकोन आणि प्रत्येक चौकोनाखाली चार आकडे. तो उभ्या उभ्या थबकला. म्हणजे रंगाला पत्ता असतो! चेहरा ओळखू आला नाही तरी पत्त्यावर जाऊन दार वाजवता येतं. त्याने ते पुस्तक जवळपास पाठ केलं. पिकला टोमॅटो म्हणजे मॅजेन्टा नव्वद, पिवळा पंच्याण्णव. कोवळं पान म्हणजे सायन चाळीस, पिवळा नव्वद. कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी उठून दिसतो, कुठला भडक वाटतो, कुठला डोळ्यांना खुपतो, हे त्याने लोकांना विचारून, त्यांच्या चेहऱ्यांकडे बघून, हजार नमुने चाळून आकड्यांतच शिकून घेतलं. उजेड आणि अंधार तर त्याला इतरांपेक्षा बारीक कळायचा, आणि अर्धं डिझाइन तिथेच असतं.

त्याच छापखान्यात बांधणी विभागात एक मुलगी होती. तिच्या स्वेटरची तो वारंवार तारीफ करायचा. "हा तपकिरी तुला शोभतो." ती दोनदा हसली. तिसऱ्यांदा तिने हातातला कागदाचा गठ्ठा खाली ठेवला.

"हा हिरवा आहे."

त्याने स्वेटरकडे पुन्हा नीट पाहिलं.

"तुला दिसत नाही, हो ना?"

"दिसतं. वेगळं दिसतं."

"मग तसं सांगायचं की. मी उगाच समजत होते की तू माझी फिरकी घेतोयस."

इतकंच. तिने त्याचं काही वाटून घेतलं नाही, आणि पुढे लग्नही त्याच्याशीच केलं. त्याचे कपडे तीच आणायची, भाजीही तीच निवडायची. घरात ही गोष्ट भिंतीवरच्या घड्याळासारखी उघड होती. घराबाहेर मात्र बंद कपाट.

हे असं बिनबोभाट चाललं असतं. पण एका सकाळी त्याने कॉम्प्युटर सुरू केला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

ज्या सॉफ्टवेअरवर सगळं ऑफिस चालायचं, ते आपोआप नवं झालं होतं. दिसायला देखणं, गोलगोल कोपऱ्यांचं. आणि उजव्या हाताची आकड्यांची पट्टी गायब. तिच्या जागी एक भलंमोठं रंगांचं चाक फिरत होतं. चाकावर बोट ठेवलं की छटेचं नाव यायचं: 'पहाटेची चाहूल', 'जुनी मैत्री', 'मखमली विसावा'. वर एक चिठ्ठी: आम्ही रंग सोपे केले आहेत. आता आकडे विसरा, मन सांगेल तो रंग निवडा. छापखान्याला लागणारे आकडे शेवटी सॉफ्टवेअरच आपलं आपण घालेल.

"वा! काय झकास केलंय," मिशा म्हणाला. "टक्के, तुझा धंदा बसला रे!" आणि खो खो हसला.

टक्केने हसू ओढून आणलं. त्याने सगळे मेनू उलटेपालटे केले, प्रत्येक खिडकी उघडून पाहिली. आकडे कुठेच नव्हते. जुनं सॉफ्टवेअर परत घालावं तर बनवणाऱ्या कंपनीने ते चालवणंच बंद केलेलं.

काही दिवस त्याने नेटाने ढकलले. जुन्या फायली उघडायच्या, तिथला पक्का माहीत असलेला रंग ड्रॉपर नावाच्या खुणेने टिपून उचलायचा आणि नव्या कामात आणून टाकायचा. जुन्या गिऱ्हाइकांचं त्यात भागलं. मग बाळांच्या क्रीमचं नवं खोकं आलं. त्यांना कुणाकडे नसलेला, अगदी हलका गुलाबी हवा होता. टक्के दुपारभर त्या चाकाभोवती घिरट्या घालत राहिला. शेवटी 'मखमली विसावा'वर बोट ठेवून त्याने नमुना छापायला टाकला.

नमुना मिशाने उचलला. "अरे, हे बाळाच्या क्रीमचं आहे ना? का शेवाळ काढायच्या पावडरीचं?"

सगळे हसले. टक्केही हसला. "चुकून दुसरी फाइल गेली," म्हणाला. नमुना गिऱ्हाइकापर्यंत गेला नव्हता, मिशाने दोन मिनिटांत रंग बदलून दिला. नुकसान काहीच नव्हतं. पण शाळेच्या दाराबाहेर उभं केलेलं ते पोरगं टक्केच्या पोटात पुन्हा उभं राहिलं.

त्या संध्याकाळी त्याने कंपनीच्या वेबसाइटवरचं सूचनांचं पान शोधलं. तिथे वापरणाऱ्यांनी आपल्या सूचना लिहायच्या, बाकीच्यांनी पटलं तर हात वर केल्याची खूण टाकायची, आणि कंपनीची माणसं खाली उत्तर द्यायची. कुणाला नवा ब्रश हवा होता, कुणाला फोटोतलं आभाळ एका फटक्यात बदलायचं होतं, कुणाला पडदा काळा हवा होता. टक्केने लिहिलं, 'रंगांचे आकडे परत द्या.' खाली अदबीने चार ओळी. आकड्यांशिवाय माझं काम अडतं, कृपया पट्टी पुन्हा ठेवावी, चाकही राहू द्यावं, चाकाबद्दल तक्रार नाही.

उत्तर आलं. सूचनेबद्दल आभार. आमच्या पाहणीनुसार आकड्यांचा वापर नगण्य आहे. सूचना बंद करण्यात येत आहे.

त्याने पुन्हा लिहिली. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा लिहिली तेव्हा कंपनीच्या कुणी माणसाने जरा मोकळेपणाने उत्तर दिलं: 'रंग ही बघायची गोष्ट आहे, मोजायची नाही. कलाकाराने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा. शुभेच्छा!' पुढे हसरा चेहरा.

बायको स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. त्याने तिला ते वाचून दाखवलं.

"विश्वास ठेव म्हणे डोळ्यांवर! यांच्या बापाने बघितलेत माझे डोळे?"

"मग सांग त्यांना कसे आहेत ते," ती म्हणाली.

"सगळ्यांना दिसेल. ऑफिसातलेही वाचतात ते पान."

"दिसू दे की. तू काय चोरी केलीयस?"

तो बराच वेळ खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत राहिला. मग काय वाटलं, त्याने मामाला फोन लावला. मामा आता ऐंशीच्या पुढे होता, कान जड झालेले, हेका तसाच.

"मामा, मी लिहिणार आहे. आपल्या डोळ्यांचं. उघड."

"कुठे?"

"कंपनीला. नेटवर. कुणालाही वाचता येईल असं."

मग मामा ओरडला, "डोकं फिरलंय का तुझं? इतकी वर्षं झाकली मूठ ठेवलीस, आता उघडून काय मिळणार? नोकरी जाईल. मग ये माझ्याकडे, पोती कशी मोजतात दाखवतो."

"मामा, तुला कधी भांडावंसं नाही वाटलं?"

"कुणाशी भांडणार? ठिपक्यांशी?"

"ठिपके ज्यांनी समोर धरले त्यांच्याशी."

मामाने फोन ठेवून दिला. टक्के टेबलाशी बसला आणि एका दमात लिहिलं:

'मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून. तरीही मी रंगांचं काम करतो आणि चोख करतो. तुम्ही बाजारातून उचललेल्या बरणीवरचा लाल कदाचित मी लावलेला असेल, आणि तो तुम्हाला आवडला असेल. मी ते आकड्यांवर करतो. तुम्ही आकडे काढले आणि वर मला डोळ्यांवर विश्वास ठेवायला सांगता. माझा माझ्या डोळ्यांवर पुरेपूर विश्वास आहे, त्यांना काय जमतं आणि काय नाही हे मला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. मी मेहेरबानी मागत नाही. माझं हत्यार तुम्ही काढून घेतलंत, ते जागेवर ठेवा.'

खाली त्याने टोपणनाव लिहिलं नाही. खरं नाव लिहिलं, कामाचं ठिकाण लिहिलं, आणि बटण दाबलं. मग उठून त्याने चहा ठेवला आणि दोन कप पाठोपाठ प्यायला.

सकाळी पान भरून गेलेलं. आधी टवाळखोर आले. 'रंग न दिसणारा डिझायनर? मग बहिऱ्याला गायला बसवा.' 'याला रंगाचा बेरंग म्हणतात.' टक्केने ते वाचलं आणि दात आवळून खाली सरकत गेला. कारण खाली दुसरे लोक येऊ लागले होते. कापडावरचे छाप काढणारा एक जण: मीही तसाच, आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही, आज हे वाचून सांगणार आहे. फोटोंचे अल्बम लावणारी एक बाई: मला सगळे रंग दिसतात, पण माझ्या जुनाट पडद्यावर सगळं पिवळं दिसतं, मी आकड्यांवरच भरवसा ठेवते. डोळ्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा. एक छापखानेवाला, तो तर पेटलाच होता: 'मन सांगेल तो रंग' माझ्या मशीनमध्ये कुठून भरू? हात वर होत होते, एकाखाली एक.

टक्केने प्रत्येकाला उत्तर दिलं, टवाळखोरांनाही. बहिऱ्याच्या गाण्याबद्दल लिहिणाऱ्याला त्याने लिहिलं, 'तुमच्या घरात जे छापील खोकं हाताशी असेल ते उचला, त्यातला कुठला रंग चुकलाय ते सांगा, मग बोलू.' तो गडी पुन्हा फिरकला नाही.

ऑफिसात शिरला तेव्हा खडखड फक्त खालच्या मशीनची होती. मिशा त्याच्याकडे बघेना. जरा वेळाने स्वतःच खुर्ची सरकवत जवळ आला.

"खरं आहे ते?"

"हो."

"म्हणजे तो शेवाळी रंग..."

"हो."

"मायला," मिशा म्हणाला आणि मान खाजवत बसला. "मी लई हसलो रे त्या दिवशी."

"मीही हसलो होतो की."

मॅडमनी आत बोलावलं. त्यांचा चष्मा आज डोळ्यांवर होता, हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

"इतकी वर्षं माझ्यासमोर बसलात आणि मला ताकास तूर लागू दिली नाहीत, टक्के. मी लोकांना छातीठोक सांगत होते, यांचा रंग चुकत नाही."

"चुकला का?"

"तो प्रश्न नाही."

"मॅडम, तोच प्रश्न आहे. मी सांगितलं असतं तर तुम्ही मला घेतलं असतं?"

मॅडमनी टेबलावरची पेन्सिल उचलली, ठेवली. खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं. "बहुतेक नसतं घेतलं."

"म्हणून नाही सांगितलं. त्याबद्दल माफी मागणार नाही मी."

त्या चिडल्या, आणि चिडायचं आणखी एक कारण दुपारी जिना चढून आलं. ऑफिसचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक, भिंतींच्या रंगाचे डबे बनवणारा कारखाना. त्या डब्यांची लेबलं टक्केच करायचा. कारखान्याचे मॅनेजर घामाघूम होऊन खुर्चीत बसले. त्यांच्या कानावर गेलं होतं. रंग विकणाऱ्या कारखान्याची लेबलं रंगांधळा माणूस करतो, हे बाहेर फुटलं तर चारचौघांत शोभा होईल. मग त्यांनी बॅगेतून छटांच्या पट्ट्यांचा झुपका काढला आणि टेबलावर पत्त्यांसारखा पसरला.

"साधी गोष्ट आहे. यांना ओळखू दे. यातला लाल कुठला, हिरवा कुठला. जमलं तर आमची काही हरकत नाही."

ऑफिस गोळा झालं होतं. मिशा दारात उभा. टक्केने पट्ट्यांकडे पाहिलं. त्या उलटून मागचे क्रमांक वाचले असते, तरी निभावून गेलं असतं. छटांमधला उजेड-अंधार बघून अर्ध्याअधिक त्याने ओळखल्याही असत्या. जन्मभर तेच तर केलं होतं त्याने. त्याने हात मागे बांधले.

"नाही."

"नाही म्हणजे? जमत नाही?"

"ओळखणार नाही. मी काही मदाऱ्याचं माकड नाही, काठी आपटली की उडी मारायला. तुमचे डबे दुकानांत उभे आहेत. माझ्या लेबलाचा रंग चुकला म्हणून एक डबा परत आला असेल तर तो आणा आणि इथे ठेवा. मी आत्ता चालता होतो."

मॅनेजर मॅडमकडे बघू लागले. असा डबा नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

"हट्टीपणा आहे हा," मॅनेजर म्हणाले.

"आहे," टक्के म्हणाला.

मॅनेजरनी पट्ट्या गोळा केल्या. दुसरा माणूस द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो, असं सांगून ते जिना उतरले. मॅडमनी टक्केला काढलं नाही. पण त्यांच्यात तेवढी धमकही नव्हती की कारखान्याला दार दाखवतील. डब्यांचं काम मिशाकडे गेलं.

"तुमच्या जागी मी असते तर ओळखून मोकळी झाले असते," मॅडम संध्याकाळी म्हणाल्या. "कशाला एवढं ताणायचं?"

"आज पट्ट्या ओळखल्या असत्या तर उद्या दुसरा कुणी झुपका घेऊन आला असता, मॅडम. परवा तिसरा."

त्याला ते लागलं, नाही असं नाही. घरी आल्यावर तो जेवायला बसला. बायकोने विचारलं, "पस्तावतोयस?" तो म्हणाला, "काम गेल्याचं वाईट वाटतंय. बोलल्याचं नाही." आणि ताटातल्या भाजीतली मिरची उचलून म्हणाला, "ही मिरची लाल आहे की हिरवी, हे आता मी भर रस्त्यात उभं राहून विचारू शकतो."

ऑफिसात त्याने तेच सुरू केलं. "मिशा, हे गुलाबी दिसतंय की राखाडी?" मोठ्याने, गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी. पहिल्यांदा सगळ्यांनाच अवघडल्यासारखं झालं. पंधरवड्यात सवय झाली. मिशाही उलट विचारायला लागला, "टक्के, यातलं कुठलं अक्षर लांबून उठतंय? तुझ्या डोळ्यांना उजेडाचं जास्त कळतं."

इकडे त्या पानावर हात वरच होत राहिले. टक्के रोज संध्याकाळी तिथे हजेरी लावायचा. कंपनीने सूचना बंद केली की तो नवीन उघडायचा, जुन्यातली सगळी माणसं तिकडे यायची. शेवटी कंपनीकडून एका बाईंचा फोन आला. आवाज गोड, शब्द साखरेत घोळलेले.

"तुमची गोष्ट वाचून आमची सगळी टीम भारावून गेली, सर. आम्ही तुमच्यासारख्यांसाठी वेगळी आवृत्ती काढायचा विचार करतोय. डॉक्टरांचं प्रमाणपत्र पाठवलं की मिळेल."

"वेगळी कशाला?"

"म्हणजे, ज्यांना अडचण आहे त्यांच्यासाठी खास."

"बाई, अडचण माझ्यात नव्हती, तुमच्या नव्या सॉफ्टवेअरमुळे झाली. पट्टी सगळ्यांसाठी होती, सगळ्यांसाठीच ठेवा. अल्बमवाल्या बाईंनी कुठलं प्रमाणपत्र आणायचं? छापखानेवाल्याने कुठलं? आणि मी तरी का आणू? कात्री विकत घेताना कुणी हात तपासायला मागतं का?"

बाई आता दुसऱ्या दाराने आल्या. "बरं, आणखी एक छान कल्पना आहे. एक खास चष्मा मिळतो. आम्ही तुम्हाला भेट देऊ. तुम्ही तो पहिल्यांदा घालाल तेव्हा आमचा माणूस व्हिडिओ काढेल. लोक तो चष्मा घालून रंग बघतात आणि अगदी रडतात हो, सर. फार हृदयस्पर्शी होतं."

टक्केला हसूच फुटलं. त्याने फोन कानापासून दूर धरला, बायकोकडे बघितलं, ती शेजारून सगळं ऐकत होती आणि तिने पदराआड तोंड दाबलं होतं.

"मी का रडू?" त्याने विचारलं. "रडायचंच असेल तर तुमचं ते चाक बघून रडेन. मला चष्मा नको, व्हिडिओ नको. चार आकडे हवेत. ते ठेवा आणि मग तुम्ही खुशाल रडा."

कंपनीने लगेच काही केलं नाही. हिवाळा गेला. दोनदा सॉफ्टवेअर बदललं, त्यात आणखी गोल कोपरे आले, फोटोतली माणसं आपोआप हसवायचं बटण आलं, आकडे आले नाहीत. टक्के लिहीत राहिला. आता तो एकटा नव्हता. कापडवाला रोज एक ओळ टाकायचा. छापखानेवाल्याने आपल्या ओळखीतले सगळे छापखाने त्या पानावर आणून सोडले, आणि कंपनीला खरी झोंबली ती बहुधा तीच फौज.

मग एका सकाळी पट्टी आली. उजवीकडे खाली, कोपऱ्यात, बारीकशी, पण सगळ्यांना दिसेल अशी. प्रमाणपत्राशिवाय. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'वापरकर्त्यांच्या सूचनांचा आदर करून.' कुणाचं नाव नव्हतं, चुकलं होतं असंही कुठे नव्हतं.

"तुझं नाव तरी घालायचं मेल्यांनी," मिशा करवादला.

"आकडे घातलेत ना. बस."

त्याने मॅजेन्टाच्या घरात वीस लिहिलं, पिवळ्याच्या घरात पाच. पडद्यावर एक चौकोन भरला. त्याला तो राखाडीच दिसला. तो त्याच्याकडे बघत राहिला आणि खुर्चीत मागे रेलला.

रात्री मामाला फोन केला. "जिंकलो," म्हणाला.

"डब्यांचं काम परत मिळालं?" मामाने विचारलं.

"नाही."

"मग कसलं जिंकलास?" मामा गुरगुरला. पण या खेपेला त्याने फोन ठेवला नाही. म्हणाला, "काय लिहिलं होतंस ते वाचून दाखव." टक्केने वाचून दाखवलं. "जरा मोठ्याने," मामा म्हणाला. टक्केने उभं राहून, शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा वाचलं.

डब्यांचं काम मिशाकडेच राहिलं. पुढच्याच महिन्यात मधाच्या बाटल्यांचं काम घेऊन एक नवी बाई ऑफिसात आली. मॅडम सवयीने छाती फुगवून बोलायला लागणार, तेवढ्यात टक्केने खुर्ची पुढे ओढली.

"आधीच सांगतो. मला लाल-हिरवा दिसत नाही. मी आकड्यांवर काम करतो. मधाचा रंग कसा हवा ते बाटली आणून दाखवा, शब्दांत सांगू नका. पटत असेल तर बसा, नसेल तर शेजारी मिशा आहे, तोही चांगलं करतो."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि पिशवीतून बाटली काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

"झाकणाचा रंग मला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "त्याचं आधी बघा."